दुधाचे खाडे, कळीचे खाडे

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दुधाचे खाडे लिहायचं काम लग्नापासून माझ्याकडे. डिसेंबरात बायकोनं विचारलं, "अहो, हे 'क. उ.' काय आहे? गवळ्यानं आता काय नवीन काढलं?"

क. उ. म्हणजे कळ, उजवीकडे.

मी कोल्हापुरात, उद्यमनगरात एका कारखान्यात हिशोब बघतो. वय ४६. बावीस वर्षं खुर्चीत बसून पाठीला पोक आणि पोटाला घेर आलाय. दिवाळीचा फराळ संपल्यावर रंकाळ्यावर पळायला जायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी चौपाटीवरून झोकात निघालो आणि चार-पाच मिनिटांत उजव्या बरगडीखाली कुणीतरी दाभण खुपसल्यासारखी कळ आली. मी जागच्या जागी वाकलो. मागून येणाऱ्या काकू चालत मला ओलांडून गेल्या. वर थांबून "बरं वाटतंय ना?" असंही विचारलं. पाय दुखले असते तर सांगायला तरी बरं होतं. कुशीत कळ आली हे सांगायलाच लाज वाटते, शाळेत पीटीच्या तासाला पळ काढणारी पोरं हेच कारण सांगायची.

तीन दिवस लागोपाठ तेच झालं. मग घाबरलो. पित्ताशय, अपेंडिक्स, हृदय, रात्री दोनला जे जे आठवतं ते सगळं आठवलं. ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबून बघितलं, वय बघून ईसीजी काढला आणि विचारलं, "थांबल्यावर किती वेळात जाते?" म्हटलं, दोन-तीन मिनिटांत. "बसल्या जागी कधी येते?" नाही. "मग पळा. पण छातीत दाब आला, डाव्या हातात कळ गेली किंवा थांबूनही दुखणं गेलं नाही, तर रंकाळ्यावरून सरळ इकडं या." माझ्या वयाच्या माणसानं ही फी द्यावी. कुशीतली कळच आहे हे आपलं आपण ठरवू नये.

हृदय नाही म्हटल्यावर माझ्यातला हिशोबनीस जागा झाला. पळालो त्या दिवशी कालनिर्णयवर तीन नोंदी करायच्या: आधी काय पोटात गेलं, सुरुवात कशी केली, कळ आली की नाही. डिसेंबर-जानेवारी मिळून ३१ दिवस पळालो, १७ दिवस कळ आली.

आता दुधाचं सांगतो. पळायला जायच्या आधी मी गंगावेशीत थांबून धारोष्ण दूध प्यायचो. समोर म्हैस उभी, समोर धार काढतात, फेसाळलेला मोठा ग्लास हातात. कोल्हापूरच्या माणसाला हे दूध वाईट आहे असं सांगणं म्हणजे तांबड्या रश्श्यात साखर घालायला सांगण्यासारखं. मी तर ते ताकदीसाठी प्यायचो! पण वही वहीच असते. दूध पिऊन पळालो ते दिवस १४, त्यांतले ११ कळीचे. दूध न पिता १७, त्यांतले फक्त ६ कळीचे.

हे बघितल्यावर वाचायला बसलो. डॅरेन मॉर्टन आणि रॉबिन कॅलिस्टर या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी या कळीवर बरंच काम केलंय. २००० साली छापलेल्या त्यांच्या पाहणीत ९६५ खेळाडूंना विचारलं होतं. पळणाऱ्यांपैकी ६९ टक्क्यांना वर्षभरात कधी ना कधी ही कळ आली होती. म्हणजे काकूंना सांगायला हरकत नव्हती.

कळ नेमकी का येते, यावर मात्र अजून एकमत नाही. जुनं म्हणणं असं की श्वासपटलाला रक्त कमी पडतं. पण त्याच पाहणीत घोडेस्वारांनाही भरपूर कळ येते असं दिसलं, आणि घोड्यावर बसलेल्याला कुठं एवढी धाप लागते? दुसरं म्हणणं, पळताना यकृत, जठर ही मंडळी गचके खाऊन आपले बंध ओढतात. मग पोहणाऱ्यांना ७५ टक्के का? पाण्यात कसले गचके! आता मॉर्टन-कॅलिस्टर यांना जास्त पटतं ते असं की पोटाच्या आतल्या भिंतीला जे पातळ अस्तर असतं, पेरिटोनियम, ते चिडतं. भरलेलं पोट त्यावर घासतं, दाबतं. याच अस्तराच्या वरच्या भागाची नस खांद्याकडची दुखणी सांगणाऱ्या नसांबरोबर जाते, म्हणून काहींना कळीबरोबर खांद्याच्या टोकालाही दुखतं. खाऊन-पिऊन लगेच पळालं तर त्रास वाढतो, त्यातही गोड रसांनी जास्त. आणि पोक असलेल्यांना कळ जोराची येते, हे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. पाच मिनिटं.

दूध बंद केलं. म्हणजे पळण्याआधीचं. आता परत येताना पितो. आधी दोन तास पोटात घोटभर पाण्याशिवाय काही नाही.

राहिले ते दूध नसलेले सहा दिवस. त्यांतले चार असे की इंजिनिअरिंगच्या पोरांचा घोळका शेजारून गेला आणि मला उगाच चेव आला. एक दिवस डिंकाचा लाडू खाऊन निघालो होतो. पोरांच्या मागं लागण्याचं औषध आमच्या गल्लीतल्या आण्णांनी दिलं. ते जुने पैलवान, गुडघे गेलेत, पण रोज कट्ट्यावर हजर. मला वाकलेला बघून ओरडले, "दम आत कोंडून पळतंयस व्हय? सोड की भाईर!" खरंच, मी श्वास घेत होतो पण पुरता सोडत नव्हतो. आता कळीची चाहूल लागली की चालायला लागतो, दुखऱ्या जागी बोटं रुतवतो, जरा पुढं झुकतो आणि गरम दूध गार करताना मारतो तशी लांब फुंकर मारत श्वास सोडतो. पन्नासेक पावलांत सुटते. डावा पाय टेकताना श्वास सोडा असंही कुणी सांगतात. मी करून बघितलं. डावा-उजवा मोजता मोजता इराणी खणीजवळ कठड्याला धडकलो, तो नाद सोडला.

सुरुवातीची दहा मिनिटं नुसता चालतो. मग दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, आणि पळताना आण्णांना अख्खं वाक्य बोलून दाखवता आलं पाहिजे एवढाच वेग. फेब्रुवारीत १६ दिवस पळालो, कळ तीनदा. मागच्या रविवारी शालिनी पॅलेसपर्यंत एकदाही न वाकता गेलो. काकू दिसल्या नाहीत, याचं वाईट वाटलं.

सहावा दिवस म्हणजे १९ जानेवारी. पोट रिकामं, वेग गोगलगायीचा, श्वास व्यवस्थित, तरी सणसणीत कळ. कुठल्याच खात्यात बसेना. हिशोबात फरक निघाला आणि कारण सापडलं नाही की आम्ही तो सस्पेन्स खात्यात टाकतो, तसा हाही टाकलाय. आज सकाळी तिथं दुसरी नोंद झाली. या वेळी 'क. डा.'