तुम्ही विचारलेत म्हणून: अमेरिकेतले मत आणि माणसाचा रंग

दर चार वर्षांनी, साधारण ऑक्टोबरपासून, सांगलीहून आणि पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. २००८ मध्ये तो ‘तिथले गोरे खरेच काळ्या माणसाला निवडून देतील का’ असा होता. २०२४ मध्ये ‘कमला तर आपली, मग पडली कशी’ असा झाला. आणि दोन्ही वेळा त्याच्या पाठोपाठ ‘म्हणजे तिकडेही शेवटी जातीवरच मतदान होते ना’ हे वाक्य आले. या शेवटच्या वाक्याला प्रश्नचिन्ह असले तरी तो प्रश्न नसतो. विचारणाऱ्याला ‘हो’ ऐकायचे असते, म्हणजे आपल्याकडच्या निवडणुकांबद्दल वाटणारा संकोच जरा हलका होतो. मी आजवर ‘ते इतके सोपे नाही’ एवढेच म्हणत आले आणि मी उत्तर टाळते आहे असा समज करून घेऊन लोकांनी फोन ठेवले. म्हणून आता एकदाच सविस्तर लिहिते.

वंशाचा आणि मताचा इथे संबंध आहे, आणि तो फार घट्ट आहे. १९६४ नंतर डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या एकाही उमेदवाराला गोऱ्या मतदारांचे बहुमत मिळालेले नाही, आणि त्याच काळात कृष्णवर्णीय मतदारांनी दर निवडणुकीत त्या पक्षाला बहुसंख्येने मते दिली आहेत. मात्र तुम्ही समजता तसा तो ‘आपल्या रंगाच्या माणसाला मत’ असा सरळ व्यवहार नाही. २००४ मध्ये जॉन केरी या गोऱ्या डेमोक्रॅटिक उमेदवाराला एक्झिट पोलनुसार गोऱ्यांची ४१ टक्के मते मिळाली होती. २००८ मध्ये ओबामांना ४३ टक्के मिळाली. कृष्णवर्णीयांमध्ये केरींना ८८ आणि ओबामांना ९५ टक्के. म्हणजे उमेदवाराचा रंग पूर्णपणे बदलला आणि आकडे थोडेसे हलले. जे हलले नाही ते पक्षाशी असलेले नाते, आणि ते नाते कातडीच्या रंगातून आपोआप उगवलेले नाही. ते कायद्यांनी आणि कायदे मोडणाऱ्यांनी घडवलेले आहे. डेमोक्रॅटिक अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा केला. पहिल्याला सिनेटमध्ये विरोध करणारे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर १९६४ मध्ये देशभर सपाटून हरले, पण त्यांचे स्वतःचे अॅरिझोना सोडल्यास जी पाच राज्ये त्यांनी जिंकली ती सगळी खोल दक्षिणेतली होती, आणि मिसिसिपीत त्यांना ८७ टक्के मते पडली. त्या काळी तिथल्या बहुतेक कृष्णवर्णीयांना मतदारयादीत नावच घालू दिले जात नव्हते. हे लक्षात घेतले की त्या ८७ टक्क्यांचा अर्थ कळतो.

मी राहते ते नॉर्थ कॅरोलायना राज्यही दक्षिणेतलेच. साक्षरता परीक्षेच्या नावाखाली कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवणारे कलम या राज्याच्या घटनेत होते, आणि ते निष्प्रभ झाल्यावरही काढून टाकायला १९७० च्या सार्वमतात मतदारांनी नकार दिला. १९९० च्या सिनेट निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या जेसी हेल्म्स यांनी हार्वे गँट या कृष्णवर्णीय उमेदवाराविरुद्ध एक जाहिरात चालवली: नोकरी नाकारल्याचे पत्र चुरगाळणारे दोन गोरे हात, आणि ती नोकरी अल्पसंख्याकाला द्यावी लागली असे सांगणारा आवाज. गँट हरले. हे फार जुने वाटत असेल तर २०१३ चे उदाहरण घ्या. मतदान हक्क कायद्याचा मुख्य कणा, म्हणजे भेदभावाचा इतिहास असलेल्या भागांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायला लावणारी तरतूद, सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये काढून घेतला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच इथल्या विधिमंडळाने मुदतपूर्व मतदानाचे दिवस १७ वरून १० वर आणले आणि त्याच काळात केंद्रावर जागच्या जागी नाव नोंदवण्याची सोय बंद केली. कोणत्या वंशाचे लोक कोणती सोय किती वापरतात याची माहिती आमदारांनी आधीच मागवून घेतली होती. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो कायदा रद्द करताना म्हटले की, कृष्णवर्णीयांना जवळजवळ शस्त्रक्रियेच्या अचूकतेने हेरले गेले आहे. प्रार्थना आटोपून कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली माणसे बसने थेट मतदानाला जातात ती रविवारची प्रथा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या छाटलेल्या दिवसांचा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता याच राज्यातली २०२४ ची मतपत्रिका पाहा. राज्यपालपदासाठी रिपब्लिकन पक्षाचे मार्क रॉबिन्सन उभे होते. निवडून आले असते तर ते राज्याचे पहिले कृष्णवर्णीय राज्यपाल ठरले असते. त्यांच्यासमोर डेमोक्रॅटिक पक्षाचे गोरे जॉश स्टाइन होते. कृष्णवर्णीय मतदारांनी प्रचंड बहुमताने स्टाइन यांना मते दिली आणि रॉबिन्सन जवळजवळ १५ टक्क्यांनी हरले, अर्थात त्यांच्या स्वतःच्या भानगडींचाही त्यात मोठा हात होता. त्याच कागदावर राज्यातल्या एकूण मतदारांनी हे राज्य ट्रम्प यांना सुमारे ३ टक्क्यांनी दिले. ‘जात बघून शिक्का मारतात’ या तुमच्या सूत्रात हे बसवून दाखवा.

इथवरचे मी फोनवरही सांगू शकले असते. जे सांगता आले नाही ते पुढचे आहे, कारण त्यात मी स्वतः आहे.

या राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवताना अर्जावर वंशाचा रकाना असतो. तो भरणे बंधनकारक नाही. नागरिकत्व मिळाल्यावर मी तो अर्ज भरला तेव्हा ‘आशियाई’वर खूण केली, आणि ती नोंद नावपत्त्यासह सार्वजनिक यादीत गेली, कुणालाही पाहता येईल अशी. राजकीय पक्ष ही यादी घेतात, तिच्यात आडनावावरून लावलेले अंदाज मिसळतात आणि प्रचाराला निघालेल्या स्वयंसेवकांच्या फोनवर घरांची यादी पाठवतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी हॅरिस यांच्या प्रचारासाठी मी निघाले तेव्हा कॅरीतल्या आमच्याच भागातली अशी यादी माझ्या फोनवर होती: रेड्डी, पटेल, कुलकर्णी, शहा, अय्यर. त्यात एक घर ओळखीच्या काकांचे होते. आम्ही या गावात नवे असताना ज्यांनी घर शोधून दिले, माझ्या मुलीला वरणभात भरवला, ते हे काका. १९७१ साली इंजिनिअर होऊन आलेले.

काकांनी दार उघडले, माझ्या छातीवरचा बिल्ला पाहिला आणि हसून ‘आत ये’ म्हणाले. काकूंनी आले घालून चहा केला, चिवड्याची बशी पुढे ठेवली. मी ठरलेली वाक्ये बोलायला सुरुवात करताच त्यांनी हात वर केला.

“आधी एक सांग. तू माझ्या दाराशी आलीस कशी?”

मी म्हणाले, यादीत तुमचे नाव होते.

“शेजारच्या मिलरचं आहे का?”

नव्हते. समोरच्याही घराचे नव्हते. त्या गल्लीतली माझ्या वाट्याला आलेली तिन्ही घरे भारतीयांची होती.

“म्हणजे आडनाव बघून आलीस. आणि वंशावर राजकारण करतो तो ट्रम्प.”

त्यानंतरचा पाऊण तास मला तपशिलाने आठवतो. काका ट्रम्पना मत देणार होते, आणि त्यांची कारणे तुम्हाला वाटतील तितकी उथळ नव्हती. कर, सीमेवरून बेकायदा येणारी माणसे, स्वतः नियमाने रांगेत उभे राहून मिळवलेले ग्रीन कार्ड. नातवाला दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठाने घेतले नव्हते आणि ते वंशामुळेच झाले असे त्यांचे ठाम मत होते; प्रवेशात वंशाचा विचार करणे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बंद केले, ते ट्रम्पनी नेमलेल्या न्यायाधीशांमुळे, हेही त्यांनी ऐकवले. मग ते त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांवर आले. “मी आलो तेव्हा इथल्या जनगणनेत आपली गणना गोऱ्यांत व्हायची, ठाऊक आहे तुला? १९८० पासून आपल्याच लोकांनी मागून वेगळा रकाना घेतला. मी नव्हता मागितला.” मी विचारले, गोऱ्यांत गणना होती तेव्हा घर भाड्याने मिळत होते का? कारण फोनवर रिकामी असलेली जागा प्रत्यक्ष गेल्यावर भरलेली कशी निघायची, हा किस्सा मी त्यांच्याच तोंडून ऐकला होता. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “नव्हतं मिळत. म्हणून काय मी रडत बसलो? घर विकत घेतलं.”

मी १९६५ चा विषय काढला. मतदान हक्काचा कायदा ऑगस्टमधला आणि आशियातून येणाऱ्यांना दार उघडणारा स्थलांतर कायदा ऑक्टोबरमधला, एकाच वर्षातले, एकाच चळवळीने बदललेल्या हवेतले. ती कृष्णवर्णीय माणसे मतदानाच्या हक्कासाठी अलाबामातल्या सेल्मात पुलावर लाठ्या खात होती म्हणून तुम्ही आणि मी इथे बसलो आहोत, असे मी म्हणाले. काका म्हणाले, “मी माझ्या डिग्रीवर आलो.” आणि नंतर, आवाज जराही न चढवता: “तू मला काळ्यांच्या रांगेत उभं करू नकोस.”

यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. त्या वाक्यातला तिटकारा मला ऐकू आला होता, आणि त्याला लगटूनच आलेली ‘माझ्या मताचा मालक माझा वंश नाही’ ही मागणीही ऐकू आली होती. दोन्ही एकाच माणसाकडून, एकाच श्वासात आले की कशाला उत्तर द्यायचे ते कळत नाही. निघताना फोनवर प्रत्येक नावापुढे १ ते ५ मधला आकडा भरायचा असतो, १ म्हणजे आपला पक्का आणि ५ म्हणजे विरोधकांचा पक्का. काकांनी विचारले, “काय लिहिलंस?” मी पडदा त्यांच्यापुढे धरला. ५ पाहून ते “बरोबर” म्हणाले. काकूंचे नाव खालच्या ओळीत होते. मी त्यांच्याकडे पाहिले, तर त्या म्हणाल्या, “मला यात ओढू नका,” आणि तोही पर्याय त्या यादीत असतो, तो मी निवडला. त्या दिवसानंतर काका आमच्या गणपतीला आलेले नाहीत. दुकानात भेटलो तर हवापाण्याचे बोलतो.

त्या शनिवारच्या आधीची मी काकांना म्हणाली असती की आडनावावरून घर शोधणे आणि वंशावरून मत नाकारणे या दोन गोष्टी एका तराजूत तोलता येत नाहीत, आणि आजही मी तेच म्हणेन. मात्र ती आधीची मी आणखीही एक गोष्ट छातीठोकपणे सांगत असे: या देशातले अल्पसंख्याक वाढत जातील तसतशी निवडणूक आपोआप एका बाजूला झुकेल. टेक्सासमधली स्टार काउंटी मेक्सिकोच्या सीमेला लागून आहे आणि तिथली ९० टक्क्यांहून जास्त वस्ती हिस्पॅनिक आहे. २०१६ मध्ये तिथे हिलरी क्लिंटन यांना ७९ टक्के मते होती. २०२४ मध्ये १८९२ नंतर प्रथमच तिने रिपब्लिकन उमेदवाराला, तेही सीमेवर भिंत बांधणाऱ्या ट्रम्पना, जिंकून दिले. तिथल्या लोकांनाही कुणीतरी कुठल्यातरी रांगेत धरूनच चालले होते. काका एकटे नाहीत.

आता तुमच्या ‘आपली’कडे येते. कमला हॅरिस यांची आई चेन्नईची, वडील जमैकाचे. ३१ जुलै २०२४ रोजी शिकागोत कृष्णवर्णीय पत्रकारांसमोर ट्रम्प म्हणाले की त्या आधी भारतीय होत्या आणि मग एकाएकी काळ्या झाल्या. त्याच आठवड्यात सांगलीहून मला विचारले गेले, ‘ती नक्की कोण, आपली की त्यांची?’ तुम्ही ट्रम्पना हसत होतात आणि प्रश्न मात्र त्यांचाच विचारत होतात. शिवाय त्याच वर्षी निकी हेली रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, उभ्या होत्या, आईवडील पंजाबातले. तेव्हा ‘आपली निकी’ म्हणून एकही फोन आला नाही. निकालानंतर मात्र ‘उपाध्यक्षाची बायको उषा तरी आपलीच ना’ असे समाधान करून घेतलेत. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, डेमोक्रॅटिक पक्षातर्फे निवडून गेले, तेव्हा पेढ्यांची छायाचित्रे आली. त्याआधीच्या पक्षाच्या प्राथमिक फेरीत अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांत मते विभागली गेली होती, आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या त्या शहराला जवळजवळ ७० वर्षांत प्रथमच स्वतःचा कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. ठाणेदारांनी काही गैर केले असे मी म्हणत नाही. पण तिथल्या मतदाराला त्याचे वाईट वाटले असेल तर ते ‘जातीयवाद’ आणि तुमचे पेढे ते ‘अभिमान’, ही विभागणी कुणी केली?

आणि माझे? मी हेलींना मत दिले नाही, त्याची कारणे धोरणांची होती: गर्भपाताचा हक्क, आरोग्यविमा, मतदानाचे कायदे. हॅरिस यांना दिले त्याचीही कारणे तीच होती, आणि त्यांच्या जागी गोरा उमेदवार असता तरी मी त्यालाच दिले असते. २०२० मध्ये बायडेनना दिलेच होते. पण मतपत्रिकेवर ‘कमला’ हे नाव छापलेले दिसले तेव्हा मी ते पुन्हा एकदा, मनातल्या मनात, मराठी उच्चाराने वाचले, आणि बायडेन यांच्या नावाशी मी असे काही केले नव्हते. काका तिथे असते तर त्यांनी भुवई उंचावली असती. त्यांना मी सांगितले असते की आनंद होणे म्हणजे मत ठरणे नव्हे; त्यावर ते म्हणाले असते की मग मिलरला गोरा उमेदवार पाहून आनंद झाला तर तुला चालेल का. चालणार नाही. का चालणार नाही याचे उत्तर माझ्याकडे आहे, ते वर लिहिलेल्या सगळ्या इतिहासातून येते, आणि त्या मिलरला ते पटण्यासारखे नाही हेही मला दिसते.

तेव्हा माझ्या मतात धोरण किती आणि नाव किती, हे टक्क्यांत मागू नका. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एक्झिट पोलवाले विचारत नाहीत. मला तर त्यांनी विचारलेच नाही, आणि विचारले असते तरी त्यांच्या कागदावर आणखी एकदा ‘आशियाई’ असाच रकाना असता.