पेरूत काय खावं, आणि कधी

लिमात रात्री सेविचे शोधत फिरू नका. चांगल्या सेविचेरिया दुपारच्या; चार-पाचला आवरायला लागतात. सकाळची मासळी दुपारीच संपवायची, हा जुना शिरस्ता. कच्चा मासा, लिंबू, कांदा, मिरची, मीठ. बाजूला उकडलेलं रताळं आणि टपोऱ्या दाण्यांचा मका. मासा चुलीवर चढतच नाही, लिंबानेच पांढरा पडून घट्ट होतो. ताटात उरणारा आंबट-तिखट रस म्हणजे 'लेचे दे तिग्रे'. तो टाकून उठलात तर निम्मं सेविचे टाकलंत.

संध्याकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर शेगड्या पेटतात. तिथले आंतिकूचो दिसतात कबाबासारखे, पण ते गाईबैलाच्या हृदयाचे असतात. चालत नसेल तर शेजारी पिकारोनेस मिळतात: भोपळा-रताळ्याच्या पिठाची तळलेली कडी, वर गुळाचा पाक.

आमच्या मते खरं जेवण आरेकिपा शहरात. तिथल्या पिकांतेरिया म्हणजे घरगुती खानावळी, त्याही दुपारच्याच. रोकोतो रेयेनो, म्हणजे खिमा भरलेली मोठी लाल मिरची, दिसते निरुपद्रवी. कोल्हापूरकरांनीही पहिला घास बेतानेच घ्यावा. चुपे दे कामारोनेस हे नदीतल्या कोळंबीचं दाट सूप. जानेवारी ते मार्च या कोळंबीच्या मासेमारीवर बंदी असते, तेव्हा ताजी मिळणार नाही. रविवारी मात्र हॉटेलातला नाश्ता सोडा आणि सकाळीच आदोबो खायला बाहेर पडा. चिचेच्या, म्हणजे मक्याच्या दारूच्या, गाळात मुरवून मंद आचेवर शिजवलेलं डुकराचं मटण, सोबत पाव आणि बडीशेपेच्या दारूचा थेंब घातलेला चहा. नऊनंतर गेलात तर रांग.

कुस्को शहर ३,४०० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ. पहिल्या दिवशी किनुआचं सूप, कोकाच्या पानांचा चहा आणि झोप. पिस्को सावर, म्हणजे द्राक्षांच्या दारूचं आंबट कॉकटेल, नंतर. त्यात अंड्याचा पांढरा बलक असतो, हे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. सान पेद्रो बाजारात ज्यूसवाल्या बायका पेला संपत आला की भांड्यात उरलेलं पुन्हा ओततात. त्याला 'यापा' म्हणतात, त्याचे पैसे नसतात. ज्यूस पाण्याऐवजी दुधात मागा, नाहीतर पाणी उकळलेलं आहे ना ते विचारा. नळाचं पाणी पिऊ नये.

कुस्कोजवळच्या 'पवित्र खोऱ्यात' घरापुढे काठीला लाल कापड किंवा प्लास्टिकची पिशवी दिसली, की आत चिचा दे होरा तयार आहे असं समजावं. मोड आलेल्या मक्याची ही आंबट, सौम्य दारू. आधी दोन थेंब जमिनीवर, पाचामामेला म्हणजे धरतीमातेला, मग आपण. दारू नको असेल तर चिचा मोरादा घ्या: जांभळा मका, अननसाची सालं, दालचिनी, लवंग. रंग भडक, पण खरा.

शाकाहाऱ्यांचे हाल होतात, पण उपाशी राहत नाहीत. नुसतं 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही, कारण चिकनला ते 'कार्ने' धरत नाहीत. 'सिन पोयो' (चिकनशिवाय) वेगळं सांगा आणि सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय तेही विचारा. आरेकिपाचं सोल्तेरितो (फावा बीन्स, चीज, मका, ऑलिव्ह) आणि पापा आ ला वांकाइना (चीज-मिरचीच्या सॉसमधले उकडलेले बटाटे) यांवर आमच्यातल्या शाकाहाऱ्यांचं बरं निभावलं. दुपारी फळ्यावर 'मेनू' लिहिलेलं दिसलं तर शिरा: सूप, मुख्य पदार्थ, पेय, सगळं एकाच किमतीत.

कोकाची पानं किंवा त्याच्या चहाच्या पुड्या भेट म्हणून आणू नका. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात येतं.