आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला, पण आमवात नव्हता – माझा अनुभव

ज्यांचा आरए फॅक्टर (आमवाताचा, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा संशय आला की करतात ती रक्ताची तपासणी) थोडासा वाढलेला आलाय आणि घरात सगळे घाबरलेत त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितेय.

माझं वय ५७. उजवा गुडघा जिना उतरताना दुखायचा ते बरीच वर्षं चाललेलं, पण गेल्या पावसाळ्यात तो चांगलाच सुजला आणि मांडी घालून बसणं बंद झालं. जवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. एक्स-रेत झीज दिसली, ईएसआर आणि सीआरपी ह्या शरीरातली सूज दाखवणाऱ्या तपासण्या नॉर्मल, पण आरए फॅक्टर २८ आला, लॅबची मर्यादा २० होती. त्यावरून ते म्हणाले की आमवाताची सुरुवात असू शकते, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही आमवातावरची गोळी चालू करू, फरक नाही पडला तर मेथोट्रेक्सेट ही दुसरी. आमच्या शेजारच्या काकूंना खराखुरा आमवात आहे, त्यांची मेथोट्रेक्सेटची आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, फॉलिक अ‍ॅसिड, लिव्हरच्या तपासण्या हे सगळं मी जवळून बघितलंय, त्यांना त्या औषधाने खूप आराम आहे हेही खरं, पण आता आपल्यालाही जन्मभर हेच म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. लेक म्हणाली, आई गोळी सुरू करायच्या आधी एकदा रुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञाला, दाखवूया. आमच्या गावात कोणी नाही म्हणून पुण्याची अपॉइंटमेंट घेतली.

तिथे मॅडमनी गुडघ्याकडे बघितलंच नाही आधी, हात पुढे करायला सांगितले. बोटांच्या मुळाशी जे सांधे असतात ते आडवे धरून दाबले, मनगटं दाबली, काही दुखलं नाही. मग नखांजवळच्या सांध्यांवर ज्या टणक गाठी आल्यात त्यांच्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं ह्या कधीपासून. मला वाटायचं त्या कामाने आल्यात. त्यांना हेबर्डन नोड म्हणतात आणि त्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या, म्हणजे झिजेच्या संधिवाताच्या असतात. आमवात शक्यतो मनगट आणि बोटांचं मूळ पकडतो, नखाजवळचा सांधा बहुतेक वेळा सोडून देतो. दुसरा प्रश्न, सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले राहतात? माझे चहा होईपर्यंत मोकळे होतात. झिजेत हे अर्ध्या तासाच्या आत सुटतं, आमवातात तासभर किंवा जास्त चालतं. चिकुनगुनिया होऊन गेला का तेही विचारलं, कारण त्यानंतरही सांधे महिनोन्महिने धरतात.

मग गुडघ्यातलं पाणी काढलं. मला सुईची भीती वाटत होती पण बधिर करून काढलं त्यामुळे फार त्रास झाला नाही. सिरिंजमध्ये मधाच्या रंगाचं पाणी आलं, मॅडमनी ती छापील कागदासमोर धरली आणि मला दाखवलं की पलीकडची अक्षरं वाचता येतायत. थेंब सोडला तर त्याची लांब तार निघाली. जोरात सूज असलेल्या सांध्याचं पाणी गढूळ आणि पातळ असतं, तार धरत नाही. लॅबमध्येही सुजेत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी २००० च्या बऱ्याच खाली आल्या. अँटी-सीसीपी ही आमवाताची जास्त नेमकी रक्ततपासणीही निगेटिव्ह. आणि आरए फॅक्टरचं त्यांनी नीट सांगितलं, की मर्यादेच्या तिपटीपर्यंत असेल तर तो लो पॉझिटिव्हच धरतात आणि वय वाढलं की अगदी धडधाकट माणसांतही तो येतो, हिपॅटायटिस सी, टीबीमध्येही येतो. नुसत्या त्या आकड्यावर आमवाताचा शिक्का मारता येत नाही.

पण मला एक विचारायचंच होतं, मग माझ्या दुखण्यात इम्युनिटीचा काहीच हात नाही का? नेटवर तर ऑस्टिओआर्थ्रायटिस पण आमवातासारखा ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्तीच स्वतःच्या शरीरावर उलटते तसला आजार आहे, असं लिहिलेलं वाचलं होतं. बाहेर एवढी गर्दी असूनही मॅडमनी वेळ घेऊन समजावलं. कार्टिलेजमध्ये, म्हणजे कूर्चेत, रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे तिच्यातली बरीचशी प्रथिनं प्रतिकारशक्तीच्या नजरेआड राहतात. ती झिजून तुकडे पाण्यात आले की सांध्याचं अस्तर ते उचलतं, सुजतं, आणि त्यातून निघणारी एन्झाइम्स उरलेलं कार्टिलेज आणखी कुरतडतात. काही रुग्णांत कूर्चेतल्या टाइप २ कोलॅजेन या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडीजही सापडल्यात, प्रतिकारशक्तीचाच भाग असलेली रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची यंत्रणाही जागी होते, आणि २०११ साली उंदरांवरच्या प्रयोगात कॉम्प्लिमेंटचा सी५ हा भाग नसलेल्या उंदरांचे सांधे कमी बिघडले होते. म्हणजे नुसतं घासून झिजलं एवढंच नाही, प्रतिकारशक्ती त्यात भर घालते. पण आमवातासारखा आख्ख्या शरीरात पसरलेला हल्ला नसतो, म्हणून याला ऑटोइम्यून आजारांत धरत नाहीत. आणि मला ज्याने खरंच पटलं ते म्हणजे जी गोळी मी घेणार होते त्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची हाताच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर इंग्लंडमध्ये वर्षभर चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला आणि साध्या खोट्या गोळीपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. ही गोळी घेताना डोळ्यांच्या तपासण्या कराव्या लागतात, त्या करत बसायचं ते कशासाठी मग.

आता मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम फिजिओकडून शिकून रोज करते, पाय सरळ ठेवून उचलायचा, खुर्चीतून हात न टेकता उठायचं, सुरुवातीला दुखतं पण चिकाटी ठेवली तर फरक पडतो. लावायला डायक्लोफिनॅकचं जेल, पोटात गोळी फक्त अगदीच लागली तर. वजन उतरवतेय, कारण १ किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार ४ किलोने उतरतो म्हणे. जिना अजून कठड्याला धरूनच उतरते पण सूज परत आलेली नाही. आरए फॅक्टर पुन्हा पुन्हा करू नका असं सांगितलंय, मात्र मनगटाला किंवा बोटांच्या मुळाशी सूज आली किंवा सकाळचं आखडणं तासावर गेलं तर लगेच दाखवायला यायचं.