ट्रॅकबॉलविना बोलिंग

जुन्या आर्केड यंत्रांवरील बोलिंगचे खेळ आता ब्राउझरमध्ये खेळता येतात, आणि यंदा नाशिकच्या पावसाने घरात अडकवलेल्या संध्याकाळी मी बहुतांशी त्यांच्यावरच खर्च केल्या. चित्रे तीच, आवाज तोच, गुणांची मोजणीही तीच. मात्र या खेळाचा जो भाग खेळणाऱ्याच्या तळहातात होता, म्हणजे ट्रॅकबॉल नावाचा फिरता गोळा, तो ब्राउझरपर्यंत पोहोचलेला नाही, आणि इतर खेळांपेक्षा बोलिंगच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते, असे माझे मत झाले आहे.

यंत्रातील मूळ प्रोग्रॅम न बदलता त्याच्याभोवती जुन्या यंत्राचा आभास उभा करणारे ‘मेम’ हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्याचे ब्राउझरमध्ये चालणारे रूप वापरून जुना डिजिटल ऐवज जपणाऱ्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संस्थेने नोव्हेंबर २०१४ मध्ये शेकडो आर्केड खेळ एकाच ठिकाणी खुले केले. मेमच्या नेहमीच्या मांडणीत ५ ही कळ दाबली की नाणे पडते आणि १ दाबली की खेळ सुरू होतो. नव्वदच्या दशकात आमच्या भागातील व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणे संपले की मागे उभ्या असलेल्या मुलाला जागा द्यावी लागत असे, त्यामुळे हे फुकटचे नाणे मला अजूनही थोडे अवघडल्यासारखे वाटते. तेथे सर्वांची झुंबड ‘मुस्तफा’ या मारामारीच्या खेळावर असायची, बोलिंगचे यंत्र मात्र मी त्या काळात नाशिकमध्ये कधी पाहिले नाही.

ज्या यंत्रांबद्दल मी बोलतो आहे त्यांचा आत्मा ट्रॅकबॉल होता. यंत्राच्या फळीत अर्धवट बुडवलेला हा गोळा एकमेकांशी काटकोनात बसवलेल्या दोन रुळांवर टेकलेला असतो. रुळांच्या टोकांना खाचा असलेल्या चकत्या असतात, आणि त्या खाचांमधून प्रकाश किती वेळा आरपार जातो ते मोजून गोळ्याचा वेग आणि दिशा कळते. ‘इन्क्रेडिबल टेक्नॉलॉजीज’ या कंपनीने तयार केलेला आणि कॅपकॉम या दुसऱ्या कंपनीने १९८८ मध्ये बाजारात आणलेला ‘कॅपकॉम बोलिंग’ याच उपकरणावर उभा होता. तळहाताने गोळ्याला पुढे जोरात ढकलायचे आणि हात उचलायचा, म्हणजे चेंडू सुटला. पुढच्याच वर्षी इन्क्रेडिबल टेक्नॉलॉजीजने हीच कल्पना ‘गोल्डन टी गोल्फ’मध्ये वापरली आणि तिचे नाव झाले ते मुख्यतः त्या खेळामुळे.

ब्राउझरमध्ये ट्रॅकबॉलचे काम माऊसकडे येते. तत्त्वतः यात काही वावगे नाही, कारण पूर्वीचा गोळीचा माऊस म्हणजे उलटा केलेला ट्रॅकबॉलच होता. पण ट्रॅकबॉलला स्वतःचे वजन असते, हात सुटल्यावरही तो काही क्षण फिरत राहतो, आणि त्याला सरकण्याची मर्यादा नसते. माऊस हाताबरोबर जागीच थांबतो आणि टेबलाच्या कडेला संपतो. लॅपटॉपच्या टचपॅडवर तर ही मर्यादा काही इंचांचीच. त्यातच संगणक बोटाच्या वेगानुसार पॉइंटरची गती आपल्या हिशेबाने वाढवतो वा कमी करतो, त्यामुळे एकसारख्या ढकलण्यातून एकसारखा चेंडू निघेल याची खात्री राहत नाही. पॉइंटरची ही आपोआप वाढणारी गती सेटिंगमध्ये जाऊन बंद केली आणि माऊसखाली मोठे पॅड घेतले, तर बराच फरक पडतो. कंट्रोलची कळ खेळाच्या बटणासाठी वापरली जात असेल तर ती आधी बदलून घ्यावी, नाहीतर ऐन फेकीत ब्राउझरचा एखादा शॉर्टकट कार्यरत होतो.

पडद्यावरची लेन, म्हणजे चेंडू घरंगळतो तो पट्टा, मात्र पहिल्यापासूनच खोटी आहे, आणि ती तशी असण्यावाचून गत्यंतर नव्हते. खऱ्या लेनवर फाऊल लाइनपासून (चेंडू टाकताना जी ओलांडायची नाही त्या रेषेपासून) पहिल्या पिनेपर्यंतचे अंतर ६० फूट आणि रुंदी सुमारे ४१.५ इंच असते, म्हणजे लांबी रुंदीच्या सतरा पटींहून अधिक. ३२० ठिपके रुंद पडद्यावर ही लेन आडवी आणि प्रमाणात काढली, तर तिला जेमतेम १८ ठिपक्यांची रुंदी मिळेल. साडेआठ इंचांचा चेंडू चार ठिपक्यांचा होईल आणि एकमेकींपासून १२ इंचांवर उभ्या असलेल्या पिनांमध्ये जेमतेम पाच ठिपक्यांचे अंतर राहील. म्हणून चित्रकारांनी लेन आखूड केली, रुंद केली, तिरकी दाखवली. इतकी मोडतोड करूनही खेळ बोलिंगसारखा वाटतो, हे मला त्या काळातील कारागिरीचे सर्वांत मोठे यश वाटते.

गुणांच्या बाबतीत यंत्राने आपल्यावर उपकारही केले आणि थोडे नुकसानही, कारण हिशेब तेच करते आणि आपण तो शिकत नाही. खेळाच्या एका फेरीला फ्रेम म्हणतात. पहिल्याच चेंडूत दहाही पिना पाडून स्ट्राइक झाला की दहा गुणांवर पुढील दोन चेंडूंचे गुण मिळतात, दोन चेंडूंत पाडून स्पेअर झाला की पुढील एका चेंडूचे. पहिल्या फ्रेममध्ये स्ट्राइक आणि दुसऱ्यात ७ व २ पिना पडल्या, तर पहिल्या फ्रेमचे १९, दुसरीचे ९, एकूण २८. माझी भाची कॉलेज रोडवरून क्लास करून परतताना आमच्याकडे थांबते, तिने विचारले, “मामा, स्ट्राइक झाल्यावर तो रकाना रिकामा का राहतो?” मॉलमधील गेम झोनमध्ये ती अनेकदा खरे बोलिंग खेळली आहे, पण तेथेही हिशेब पडदाच करतो. कागदावर दोन खेळ मांडून दाखवल्यावर सलग बारा स्ट्राइकचे ३०० कसे होतात ते तिने स्वतःच सांगितले.

सध्या तिचा आवडता खेळ मात्र १९९० च्या सुमारास आलेला एसएनके या कंपनीचा ‘लीग बोलिंग’ आहे, आणि तिची निवड योग्य आहे. त्यात जागा ठरवून हलत्या खुणा नेमक्या क्षणी बटणाने थांबवायच्या असतात, म्हणजे सारे कौशल्य हाताच्या जोरापेक्षा वेळ साधण्यात आहे, आणि असे खेळ कीबोर्डवर फारसे काही गमावत नाहीत. पडदा सेकंदाला साधारण ६० वेळा बदलत असल्यामुळे बिनतारी कीबोर्डचा किंचित विलंबही खूण चुकवू शकतो. आम्ही वायरचा कीबोर्ड जोडला आहे. कॅपकॉमचा खेळ मी बाजूला ठेवला आहे. यूएसबीचा एखादा जड, मोठ्या गोळ्याचा ट्रॅकबॉल वाजवी किमतीत मिळाला, तर तो पुन्हा उघडेन. टचपॅडवर तो खेळण्याची शिफारस मी कोणालाही करणार नाही.