कुकरमधले कार्नितास : खांदा, चरबी आणि उंचीचा हिशेब

मंडळी, कार्नितासच्या वहीत बरीच भर पडली आहे, म्हणून ही नोंद लांबणार. मांस मऊ होणं हा प्रश्न माझ्यापुरता सुटला. सध्या माझं सगळं लक्ष कुकर उघडल्यानंतरच्या वीस मिनिटांवर आहे, आणि या पदार्थाची खरी मजा तिथेच आहे असं माझं मत झालंय. कुकर मांस शिजवतो. त्याचे कार्नितास होतात ते नंतर, त्याच्याच चरबीत.

नवीन मंडळींसाठी मूळ पदार्थाबद्दल थोडं सांगतो. कार्नितास मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्याचे. डुकराचे मोठमोठे तुकडे त्याच्याच चरबीत, म्हणजे मांतेकात, तांब्याच्या भल्यामोठ्या कढईत मंद आचेवर काही तास शिजवायचे आणि शेवटी आच वाढवून खरपूस करायचे. या कढईला कासो म्हणतात. त्याच राज्यातलं सांता क्लारा देल कोब्रे हे गाव हातोडीने ठोकून घडवलेल्या तांब्याच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पात्स्कुआरो सरोवराजवळच्या किरोगा गावात तर चौकातच कार्नितासची दुकानं मांडलेली असतात. तिथे नुसतं 'कार्नितास द्या' म्हणून भागत नाही, काय हवं ते सांगावं लागतं : मासिसा म्हणजे निव्वळ मांस, कोस्तिया म्हणजे फासळी, क्वेरितो म्हणजे कातडी, बूचे म्हणजे पोट, आणि सगळ्यातलं थोडंथोडं हवं असेल तर सुर्तिदा. विकणारा लाकडी ओंडक्यावर सुरीने ते खाटखाट कापतो आणि वजनावर देतो. मी नेहमी सुर्तिदाच घेतो, कारण मऊ, चिकट आणि कुरकुरीत असं सगळं एका घासात येतं. घरी कुकरमध्ये मला तोच घास हवा आहे.

डुक्कर मेक्सिकोत आलं ते सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर. त्याआधी मेक्सिकोच्या स्वयंपाकात चरबीत तळणं जवळजवळ नव्हतंच. मका, मिरची, टोमॅटो मात्र इथलेच. आपल्याकडे मिरची पोर्तुगीजांनी आणली आणि वसईत आमच्या घरी तीच मिरची आणि व्हिनेगर घालून पोर्क इंदियाल होतं. त्यामुळे मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात राहायला आल्यावर पहिला कार्नितासचा टाको (मक्याच्या पोळीत भरलेलं मांस) खाल्ला तेव्हा मला परकं असं काही वाटलं नाही. फक्त मसाला कुठे गेला, एवढाच प्रश्न पडला. मीठ, लसूण, संत्रं, तमालपत्र, फार तर ओरेगानो. बाकी सगळी चव मांसाची आणि चरबीची. म्हणूनच यात कट, म्हणजे जनावराच्या कुठल्या भागाचं मांस घ्यायचं ते, चुकला तर लपवायला मसाला नसतो.

आता उंचीचा हिशेब, कारण त्यावर बराच वेळ दिला आहे. केरेतारो समुद्रसपाटीपासून साधारण १८०० मीटरवर आहे. इथे उघड्या पातेल्यात पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं. मेक्सिको सिटी तर २२४० मीटरवर, तिथे त्याहूनही खाली. इथल्या घरोघरी ओया एक्स्प्रेस, म्हणजे प्रेशर कुकर, असतो त्याचं हे एक मोठं कारण : घेवडा शिजायचा कधी? मी आपला घरून आणलेला पाच लिटरचा, वजनाच्या शिट्टीचा कुकरच वापरतो. असा कुकर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो दाब धरतो, पण तो बाहेरच्या हवेच्या दाबावर चढलेला असतो. वसईत बाहेरचा दाब पूर्ण, त्यामुळे आत सुमारे १२० अंश मिळतात. इथे बाहेरचा दाबच कमी, त्यामुळे आत ११६-११७ वरच थांबतं. तीन-चार अंश म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण खांद्याच्या मांसातले चिवट पडदे विरघळून त्यांचं जिलेटिन व्हायला तेवढ्यानेही बराच फरक पडतो. साधारण ६०० मीटरच्या वर प्रत्येक ३०० मीटरला पाच टक्के वेळ वाढवायचा, हा ठोकताळा मी धरला आहे आणि तो इथे चपखल बसतो. मुंबई-गोव्यात जे मांस ४० मिनिटांत होईल ते माझ्याकडे ४८ मिनिटं घेतं. मी शिट्ट्या मोजत नाही. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून घड्याळ लावतो, कारण शिट्ट्यांची संख्या आचेवर अवलंबून असते आणि दोन घरांत ती कधी जुळत नाही.

कटाबद्दल माझं मत ठाम आहे : खांदा, म्हणजे इथला एस्पाल्दिया. कंबरेकडचं लोमो दिसायला देखणं आणि साफ, पण त्यात चरबी कमी, पडदेही कमी. कुकरमधून बाहेर आल्यावर त्याचे धागे छान सुटतात आणि तोंडात मात्र कोरडे लागतात, कितीही रस ओतला तरी. मागच्या पायाचं मांस मधलं, वरून चरबी घातली तर चालतं. मी एस्पाल्दिया दीड किलो, हाडासकट घेतो आणि सोबत थोडी फासळी. आमच्या बाजारातला खाटीक 'कोन गोर्दितो?' असं विचारतो, म्हणजे चरबीसकट का. याचं उत्तर कायम हो. भारतात करणाऱ्यांनी दुकानात आधीच सांगून ठेवावं, नाहीतर लहान-लहान फोडी करून हातात देतात. तेवढ्या फोडींना २०-२५ मिनिटं पुरतात, पण खरपूस कड आणि मऊ गाभा हा खेळ लहान तुकड्यात नीट रंगत नाही. मूठभर आकाराचे तुकडे हवेत.

आदल्या रात्री दीड किलोला २० ग्रॅम मीठ चोळून फ्रिजमध्ये ठेवतो. मीठ आतवर पोहोचलेलं लगेच कळतं.

पाणी हा या पदार्थाचा मुख्य वादाचा मुद्दा. कासोमध्ये चरबी पाण्याहून बरीच तापते, मांसातलं पाणी वाफ होऊन सतत बाहेर पडत राहतं, पृष्ठभाग कोरडा होतो आणि तांबूस रंग धरतो. कुकरमध्ये नेमकं उलटं. बंद वाफेत काहीही कोरडं होऊ शकत नाही, म्हणून रंगही येत नाही. त्यात पाणी जितकं जास्त तितकी चव पातळ. म्हणून मी पाणी कमी करत करत दीड वाटीवर, म्हणजे सुमारे २२५ मिलीवर आलो आहे. शिजताना मांस स्वतःचं भरपूर पाणी सोडतं, कुकर उघडल्यावर तळाला याच्या दुपटीहून जास्त रस असतो. याच्या खाली मी जाणार नाही. तुमच्या कुकरच्या पुस्तिकेत कमीत कमी पाणी जास्त सांगितलं असेल तर तेच पाळा, नंतर आटवता येतं. आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे : कासोची नक्कल म्हणून कुकरमध्ये चरबी भरून, झाकण लावून तळायला कधीही जाऊ नका. आपले कुकर त्यासाठी बनलेले नाहीत, रबर आणि व्हॉल्व्ह ते तापमान सोसत नाहीत. पाण्यासोबत दोन-तीन चमचे मांतेका, बस.

कुकरमध्ये मांसाबरोबर जातं ते असं : अर्धा कांदा, सहा-सात लसणीच्या पाकळ्या, अर्ध्या संत्र्याचा रस, दोन तमालपत्रं, चिमूटभर इथला ओरेगानो. संत्र्याची साल कुकरमध्ये घालत नाही. दाबाखाली तिच्या पांढऱ्या भागाचा कडवटपणा सगळ्या रसात उतरतो, साल नंतर कढईत घातली तर नुसता वास येतो. तमालपत्राबाबत भारतातल्या मंडळींनी लक्ष द्या : आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं आहे, त्याचा वास वेगळा आणि जोरकस, तेव्हा एकच घाला. ओरेगानोचंही तसंच. मेक्सिकोचा ओरेगानो घाणेरी-टणटणीच्या कुळातला आहे, पिझ्झावरचा पुदिन्याच्या कुळातला. पिझ्झावरचा घातलात तर चव इटलीकडे झुकते. त्यापेक्षा न घातलेला मला बरा वाटतो.

दूध आणि कोला हे दोन्ही इथले लोक घालतात. दोन्हींमागे कारण एकच, साखरेने रंग लवकर चढतो. कोला मला नको वाटतो, त्याचा गोडवा शेवटपर्यंत जिभेवर राहतो. दूध आवडतं, पण कुकरमध्ये ते फाटून तळाला लागतं, म्हणून त्याची जागा पुढच्या टप्प्यात.

कुकरची वाफ आपोआप जिरू द्यायची. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतला दाब एकदम पडतो, मांसातला रस आतल्या आत उकळतो आणि धागे कोरडे होतात. दोन्ही करून शेजारी शेजारी खाल्लं तर फरक डोळे मिटून कळतो. पंधरा-वीस मिनिटं थांबायला जमत नसेल तर तेवढ्यात साल्सा, म्हणजे इथली चटणी, करून घ्या.

आता ती वीस मिनिटं. मांस अलगद ताटात काढायचं, या वेळी ते चमच्यानेही तुटतं. रस गाळून बिडाच्या कढईत ओततो आणि मोठ्या आचेवर निम्म्याहून कमी करतो. मग त्यातच मांसाचे तुकडे, अजून दोन चमचे मांतेका, संत्र्याच्या सालीचा एक तुकडा आणि चार चमचे आटीव बिनसाखरेचं दूध. आच मध्यम. इथे कान लावून बसायचं. आधी रस उकळल्याचा जड बुडबुड आवाज येतो, पाणी संपत आलं की तो हलका होत जातो आणि मग स्वच्छ चरचर सुरू होते. चरचर म्हणजे आता कढईत फक्त चरबी उरली आहे आणि रसाचा सगळा अर्क तुकड्यांना चिकटला आहे. या क्षणानंतर ढवळायचं नाही. चार-पाच मिनिटं एका बाजूने, एकदा उलटून दोन मिनिटं दुसऱ्या बाजूने. तळाशी तूप कढवल्यावर उरते तशी तपकिरी बेरी जमते, ती खरवडून मांसावरच घ्यायची. वाया घालवू नका, अख्ख्या पदार्थाची चव तिच्यात गोळा झालेली असते.

ओव्हनच्या वरच्या जाळाखाली ठेवूनही रंग येतो आणि मोठ्या पंगतीसाठी ते सोयीचं आहे. पण त्यात टोकं करपतात आणि मधलं तसंच राहतं. कढईत चरबी सगळीकडे पोहोचते.

यावेळचा नवा प्रयोग तेकेस्कितेचा. हा तेस्कोको सरोवराच्या परिसरात पूर्वापार गोळा केला जाणारा खनिज क्षार, स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या स्वयंपाकात आहे. तामाले (मक्याच्या पिठाचे वाफवलेले गोळे) हलके व्हायला, निवडुंगाच्या फोडी हिरव्या राहायला तो वापरतात. आपल्या पापडखाराच्या जातीचा, कार्बोनेट आणि मीठ मिश्रित. क्षारामुळे मांस लवकर तांबूस होतं हे माहीत होतं, म्हणून एकाच कुकरचं मांस दोन कढयांत वाटून घेतलं, एकीत रस आटवताना या क्षाराचं थोडं निवळीचं पाणी घातलं. रंग खरोखरच आधी चढला आणि गडद चढला, कडही जास्त कुरकुरीत. मात्र प्रमाण अगदी नखभर ठेवावं लागतं, जास्त झालं तर साबणासारखी चव उतरते. ज्यांच्याकडे पापडखार किंवा खायचा सोडा आहे त्यांनी पाऊण किलो मांसाला पाव चमच्याच्याही निम्म्याने सुरुवात करावी.

धागे काढायचे कधी, यावर माझं उत्तर : खरपूस झाल्यावर. आधी बारीक सोडवून मग परतलं तर प्रत्येक धागा वेगळा वाळतो आणि ताटात काड्या येतात. मी तुकडे अख्खे परततो आणि वाढताना दोन काट्यांनी अंगठ्याएवढे फोडतो. एका बाजूला कड, दुसऱ्या बाजूला मऊ रसाळ मांस, असं प्रत्येक फोडीला मिळतं. टिंगा किंवा एन्चिलाडा अशा इथल्या पदार्थांत वापरायचं असेल तेव्हा बारीक धागे ठीक, कारण तिथे सॉस असतो.

साल्सा वेर्दे, म्हणजे हिरव्या चटणीशिवाय हे जड होतं. इथे तोमाते वेर्दे मिळतात, कागदी आवरणातले हिरवे, आपल्या रसभरीचे भाऊबंद. सेरानो मिरच्यांबरोबर पाण्यात ठेवून, रंग पोपटीवरून मेंदीसारखा झाला की लगेच काढायचे, फुटू द्यायचे नाहीत. लसणीची एक पाकळी, कोथिंबीर आणि मीठ घालून भरड वाटायचं. भारतात कच्चे हिरवे टोमॅटो आणि वर लिंबू, यावर समाधानकारक काम होतं. इंदियालमध्ये जे व्हिनेगर करतं तेच इथे हा आंबटपणा करतो, चरबी कापतो. तोर्तिया, म्हणजे इथल्या पातळ पोळ्या, मात्र मक्याच्याच. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचा तो वास गव्हाच्या पोळीत येत नाही. मी कोपऱ्यावरच्या तोर्तियेरियातून किलोने आणतो आणि टाकोला दोन एकावर एक घेतो, म्हणजे रसाने फाटत नाहीत.

कढईत उरलेली चरबी गाळून बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवली आहे, पुढच्या वेळी बाजारातली मांतेका विकत घ्यावी लागणार नाही. हाडं मात्र पुन्हा कुकरमध्ये गेली, पाणी घालून अर्धा तास, आणि त्या पाण्यात फ्लोर दे मायो घेवडा शिजतोय. पुढची नोंद कातडीवर. क्वेरितो मांसाबरोबर ४८ मिनिटं ठेवली तर पार विरघळते, म्हणून ती वेगळ्या डब्यात वर ठेवून निम्म्या वेळेत काढता येते का ते बघायचं आहे. त्यासाठी कुकर मध्येच उतरवावा लागेल आणि मांसाचा वेळ दोन हप्त्यांत विभागावा लागेल. फासळीबरोबर कोणी असं करून पाहिलं असेल तर मिनिटं आणि तुमच्या गावाची उंची दोन्ही कळवा.