रास्पबेरी पाय बोटीच्या एनएमईए २००० ला जोडताना

शिडाच्या बोटीवर सिग्नल के (उपकरणांची माहिती एकत्र करणारा सर्व्हर) आणि ओपनसीपीएन (सागरी नकाशांचा प्रोग्राम) चालवायला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक पुरतो. घोळ होतो तो बहुधा वायरिंगमध्ये. एनएमईए २००० हे बोटीवरची उपकरणे जोडणारे नेटवर्क; त्याच्या मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर (टोकाला लावायचा रेझिस्टर) हवा. वीज बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो या डेटाच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा: ६० ओहमच्या आसपास दिसायला हवेत. ४० दिसले, तर बहुतेक पायला या नेटवर्कशी जोडणाऱ्या कॅन बोर्डावरचा तिसरा टर्मिनेटर चालू आहे. त्याचा जंपर काढा.

एमसीपी२५१५ चिपचा बोर्ड असेल, तर त्यावरच्या क्रिस्टलवरचा (चिपला ठोके देणाऱ्या भागावरचा) आकडा (८, १२ की १६ मेगाहर्ट्झ) वाचून तोच पायच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये लिहा. चुकला की नेटवर्कचा २५० केबीपीएसचा वेग जुळत नाही, एकही संदेश येत नाही.

इंजिनाच्या स्टार्टरने व्होल्टेज पडते, पाय रीबूट होतो, मेमरी कार्डही बिघडू शकते. म्हणून इनपुट ९ व्होल्टपर्यंत घसरले तरी ५ व्होल्ट टिकवणारा कन्व्हर्टरच घ्या.