बिल्डरविरुद्धची तक्रार आणि हातोडी घेऊन आलेल्या वकील मॅडम

आमची सोसायटी ठाण्यात, घोडबंदर रोडला. ताबा मिळून चार वर्षं होत आली होती आणि पार्किंगमधल्या कॉलमचं प्लास्टर फुगून पडायला लागलं होतं. पश्चिमेकडच्या फ्लॅटमध्ये पावसाळाभर भिंती ओल्या, तर काही टॉयलेटखाली बारा महिने ठिबक. मी तेव्हा सोसायटीचा सचिव होतो. बिल्डरकडे तक्रार केली की माणूस यायचा, पुट्टी भरायचा, रंग मारून जायचा.

आधी एका वकिलांकडून नोटिशीचा मसुदा करून घेतला होता. 'निकृष्ट बांधकाम', 'रहिवाशांच्या जिवाशी खेळ' असे शब्द त्यात भरपूर होते. शेजारच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी तो वाचला आणि एका वकील मॅडमचं नाव सुचवलं. सिव्हिल इंजिनीअर, काही वर्षं साइटवर काम केलेल्या, नंतर एलएलबी करून बांधकामाच्याच केसेस घेणाऱ्या. मसुदा वाचून त्यांनी विचारलं, "कुठला कॉलम? कुठल्या भिंतीत, कधीपासून ओल आहे?" आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

पहिलं काम त्यांनी दिलं ते रजिस्टरचं. प्रत्येक फ्लॅटची ओल कुठे, कुठल्या महिन्यात दिसते, वरच्या घरात काय आहे, हे सगळं लिहायचं. फक्त जून ते सप्टेंबर ओल येत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीची चौकट किंवा गच्ची बघायची. वर्षभर ठिबकत असेल तर वरचं टॉयलेट. तिथे नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीत, रंगीत पाणी ओतून खाली रंग उतरतो का ते पाहायचं. इतकी साधी गोष्ट, पण तोवर आम्ही सगळ्याला सरसकट 'लीकेज' म्हणत होतो.

मग त्या स्वतः पार्किंगमध्ये आल्या. छोट्या हातोडीने कॉलम ठोकत गेल्या. भरीव काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं भदभद. एका कॉलमवर सुटलेला तुकडा काढून त्यांनी आतल्या ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं, म्हणजे अल्कली असेल तिथे गुलाबी होणारं रसायन. आतलं काँक्रीट गडद गुलाबी झालं, बाहेरची कड मात्र राखाडीच राहिली, आणि गंजलेली सळई नेमकी त्या राखाडी कडेत होती. मॅडमनी समजावलं : काँक्रीटमधला अल्कलीपणा सळईला गंजापासून वाचवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत गेला की हा अल्कलीपणा कमी होतो. म्हणून सळईवर काँक्रीटचं कव्हर, म्हणजे बाहेरचा थर, पुरेसं लागतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कॉलमला ते किमान ४० मिलिमीटर हवं. इथे बोटाच्या पेराइतकंही नव्हतं.

मला वाटलं, झालं, हाच पुरावा. मॅडमनी लगेच थांबवलं. ही तपासणी फक्त त्यांच्या स्वतःच्या समजुतीसाठी होती. ज्या वकिलाला साक्षीदार म्हणून उभं राहावं लागू शकतं त्याने ती केस चालवू नये, हा वकिलीचा नियम आहे. म्हणून स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनीअर नेमला, कव्हर मीटर (सळई किती आत आहे ते मोजणारं यंत्र), अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी काँक्रीट तपासणं) आणि कोअर टेस्ट (काँक्रीटचा गोल तुकडा काढून तपासणं) प्रयोगशाळेकडून करून घेतल्या. तपासणीच्या आधी बिल्डरला तारीख कळवून हजर राहायलाही सांगितलं, म्हणजे 'आमच्या पाठीमागे टेस्ट केल्या' असं म्हणायला जागा उरली नाही.

खरी कसोटी सर्वसाधारण सभेत लागली. मॅडमनी काही फ्लॅट तक्रारीतून वगळायला सांगितले. त्या घरांत रहिवाशांनी टाइल्स बदलताना खालचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा पाणी अडवणारा थर, फुटला होता. पाचव्या मजल्यावरचे काका चांगलेच तापले : "आम्ही वर्गणी द्यायची आणि आमचंच टॉयलेट बाहेर?" मॅडमनी शांतपणे सांगितलं, "काका, समोरचा वकील पहिला फोटो तुमच्याच टॉयलेटचा लावेल आणि मग कॉलमबद्दल कुणी ऐकणार नाही." ठराव झाला, पण नाराजी राहिली. माझ्या मते आमची तक्रार टिकली ती त्या एका निर्णयामुळे. आपल्याच अशिलाला नको ते ऐकवायची हिंमत मला त्यांच्या डिग्रीइतकीच मोलाची वाटते.

कायद्याची बाजू त्यामानाने सरळ होती. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर त्याने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाईचा हक्क मिळतो. पाच वर्षं संपत आली होती, म्हणून दोषांची यादी अहवालासह रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने पाठवली. पोचपावत्या जपून ठेवल्या. तीस दिवस गेल्यावर महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार दाखल केली. सोसायटीला ती स्वतःच्या नावाने करता येते.

बिल्डरचं उत्तर आलं : सोसायटीने देखभाल केली नाही. मग दोन्ही बाजूंची संयुक्त पाहणी ठरली. मॅडमनी बिल्डरच्या इंजिनीअरला एवढंच विचारलं, "तुमच्या ड्रॉइंगमध्ये कॉलमचं कव्हर किती?" तो म्हणाला, "चाळीस." मॅडमनी कव्हर मीटरच्या रीडिंगचा तक्ता पुढे केला. सळई कुठे बसवली याचा देखभालीशी संबंध नाही, हे तिथे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. त्यानंतर तडजोडीची भाषा सुरू झाली.

तडजोडीच्या अटी लिहिताना मॅडमच्या साइटवरच्या अनुभवाचा आम्हाला सर्वांत जास्त उपयोग झाला. 'बिल्डर आवश्यक ती दुरुस्ती करून देईल' हे वाक्य त्यांनी खोडलं. त्याऐवजी कुठल्या कॉलमला आधी टेकू द्यायचा, काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडायचं, गंज काढून कोटिंग द्यायचं आणि मगच मायक्रोकाँक्रीट (दुरुस्तीसाठीचं बारीक खडीचं काँक्रीट) भरायचं, असं एकेक लिहिलं. गच्चीवर काम झाल्यावर पाणी साठवून ७२ तास टेस्ट. देखरेखीला आमचा इंजिनीअर, त्याची फी बिल्डरकडून. शिवाय ठरावीक रक्कम सोसायटीकडे अनामत, पावसाळा कोरडा गेला तरच परत. या अटी महारेरापुढे दाखल होऊन त्यावर आदेश झाला.

कॉलमचं काम चोख झालं. पावसाळ्यानंतर बाकीची अनामत परत केली, पण बी विंगच्या वरच्या दोन मजल्यांवर अजून ओल दिसते. तेवढ्या कामाचे पैसे सोसायटीने राखून ठेवले आहेत आणि बाहेरून परांची बांधायचं काम या आठवड्यात सुरू झालं आहे.